पिळाची टोपी

गेली काही वर्षे हिवाळ्याच्या तोंडाशी आपल्या वसतिगृहात पाचवीच्या वर्गात नव्याने दाखल झालेल्या प्रत्येक मुलामुलीला लोकरीची एक टोपी मिळते. बहुधा निळी किंवा राखाडी, क्वचित विटकरी. कपाळावर दोन इंचांची पट्टी, तिच्यावरून शेंड्याकडे चढत गेलेले दोरखंडासारखे अकरा पीळ, आणि शेंड्यावर गोंडा. मेळाव्याला आलेले पालक ती टोपी हातात घेतात, आतून-बाहेरून पाहतात आणि दोन प्रश्न विचारतात: कुठून आणली, आणि कितीला पडली? पहिल्याचे उत्तर सोपे आहे. ही टोपी आम्ही विणतो. आम्ही म्हणजे याच वसतिगृहात वाढलेले आणि आता पुण्यात नोकरी-संसार सांभाळणारे नऊ जण, सात बायका आणि दोन पुरुष. महिन्यातल्या दोन रविवारी दुपारी आम्ही आळीपाळीने एकमेकांच्या घरी जमतो आणि विणत बसतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना मात्र आमची दर वेळी थोडी अडचण होते. स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे असा निरोप आला, तेव्हा त्या अडचणीविषयीच लिहावे असे आम्ही ठरवले.

पुण्यात लोकरीची टोपी कशाला लागते, असे आमचे मुंबईकर आप्त हसत विचारतात. पुण्याची थंडी म्हणजे काही सिमल्याची थंडी नव्हे, हे मान्य आहे. (हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहूनच पुण्यात आले आणि शिवाजीनगरच्या त्या चौकाला आजही सारे सिमला ऑफिस म्हणतात, हा भाग वेगळा.) याच खात्याच्या नोंदींत १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्याचे किमान तापमान १.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याचे नमूद आहे. तेवढी थंडी आमच्या पिढीने पाहिलेली नाही. परंतु पारा दहाच्या खाली जाणाऱ्या रात्री अजूनही येतात, आणि शहराच्या कडेला, नदीलगतच्या सखल भागात व मोकळ्या माळावर त्या अधिक बोचतात. लांबलचक दालनात ओळीने झोपलेल्या पोरांच्या अंगावर रग असतो, डोके मात्र उघडे राहते. पहाटे गार पाण्याने तोंड धुऊन वंदनेला बसताना कान कसे ठणकतात, हे या स्मरणिकेच्या बहुतेक वाचकांना सांगायला नको. त्यातच आपल्या लोकांचे मोठे मेळे भरतात तेही नेमके याच दिवसांत. २५ डिसेंबरला देहूरोड, जेथे १९५४ साली त्याच तारखेला बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. आणि लगेच १ जानेवारीला भीमा कोरेगाव. रात्री टेम्पोतून निघून पहाटे तेथे उतरणाऱ्यांत कडेवरची आणि बोट धरून चालणारी मुले पुष्कळ असतात. कानटोपी ही आमच्या घरांत चैनीची वस्तू कधी नव्हतीच.

आम्ही विणायला शिकलो ते कार्यानुभवाच्या तासाला. हा तास शनिवारी शेवटचा असे. मुलग्यांनी झाडांना आळी करायची आणि मुलींनी रुमालाला टीप घालायची, अशी तेव्हाची सरळ वाटणी होती. एका वर्षी आमच्या अधीक्षिकाबाईंनी रुमाल बाजूला ठेवले आणि सुया आणल्या. सुया म्हणजे काय, तर मोडक्या सायकलीच्या चाकाचे स्पोक, टोके पायरीच्या दगडावर घासून गुळगुळीत केलेले. लोकर म्हणजे देणगीत आलेले जुने स्वेटर उसवून काढलेला धागा. तो खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, धुवायची, ओल्या लडीला तांब्या टांगून वाळवायची, म्हणजे धाग्याच्या कुरळ्या जाऊन तो सरळ होतो. पहिले वर्षभर आम्ही वीतभर चौकोन विणला, उसवला, पुन्हा विणला. त्या बारीक स्पोकांवर वीण इतकी घट्ट होई की चौकोन पुठ्ठ्यासारखा उभा राही. एखादीचा टाका सुईवरून गळला की ती कावरीबावरी होई. बाई म्हणत, "घाबरतेस कशाला? तो कुठं पळून जात नाही. खालच्या ओळीत बसून राहतो, तू त्याला वर आण."

खिडकीतून पाहणाऱ्या मुलग्यांपैकी दोघे आळी सोडून आत येऊन बसले, आणि बाईंनी त्यांना हाकलले नाही. आज आमच्यात असलेले दोन पुरुष ते हेच. त्यांतला एक पीएमपीत वाहक आहे. शेवटच्या थांब्यावर गाडी उभी असताना तो पिशवीतून सुया काढतो, आणि कुणी ना कुणी टोमणा मारतोच. त्यासाठी त्याने एक उत्तर तयार ठेवले आहे. पेरू देशात टिटिकाका सरोवरात ताकिले नावाचे बेट आहे. तेथे टोप्या विणणे हे पुरुषांचे काम मानले जाते. मुलगे लहान वयातच सुया हाती धरतात, आणि डोक्यावरच्या टोपीवरून माणूस अविवाहित की विवाहित हे ओळखू येते. युनेस्कोने २००५ साली या बेटावरील वस्त्रकलेची मानवजातीच्या वारशात नोंद घेतली. एवढे सगळे ऐकून घेण्याइतका वेळ टोमणा मारणाऱ्याजवळ नसतो, ही गोष्ट निराळी.

लोकर आम्ही तुळशीबागेतून आणतो; पुष्कळ लागणार असेल तर रविवार पेठेत बोहरी आळीत जातो. दुकानात लोकर म्हणून जे मिळते त्यातले बहुतेक मेंढीच्या अंगावरचे नसतेच. ते ॲक्रिलिक असते, लुधियानाकडून आलेले. वर्धमान आणि ओसवाल ही नावे दुकानदाराच्या फळीवर हटकून दिसतात. आरंभी आमच्यातल्या काहींना हे रुचले नाही. आपल्या माळांवर धनगरांची मेंढरे चरत असताना गिरणीतला कृत्रिम धागा कशाला, असा त्यांचा आग्रह होता. पण दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. घोंगडीला तिच्यासारखी दुसरी नाही; लहान मुलाच्या कपाळाला मात्र ती टोचते. परदेशी मेंढीची मऊ लोकर फार महाग, शिवाय वसतिगृहातल्या बादलीत कपड्यांच्या साबणाने चोळून धुतली की ती आटते आणि नमद्यासारखी घट्ट होऊन बसते. ॲक्रिलिक कसेही धुवा, वर्ष-दोन वर्षे टिकते. त्याचे पथ्य एकच: इस्त्री लावू नये. गरम इस्त्री एकदा फिरली की पीळ चपटे होतात आणि पुन्हा उठत नाहीत. विकत घेताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. रंग एकच दिसला तरी गुंड्यांवरचा लॉट क्रमांक एकच आहे ना, हे पाहावे. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सारखे वाटणारे दोन निळे रंग उन्हात वेगळे पडतात.

सुया आता स्पोकाच्या नाहीत. निलगिरीच्या डोंगरात उटीजवळ तयार होणाऱ्या पोनीच्या सुया आम्ही वापरतो. नवशिक्यांनी ध्यानात ठेवावे की आपल्याकडे सुयांना जुने ब्रिटिश क्रमांक चालतात आणि ते उलटे धावतात. क्रमांक वाढतो तशी सुई बारीक होते. आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, दहा नंबर ३.२५, बारा नंबर २.७५.

आता टोपीविषयी. विणकामात टाके दोनच, सुलट आणि उलट, आणि खरे पाहता तेही एकच. सुलट टाक्याची पाठ म्हणजे उलट टाका. या एवढ्याशा भांडवलावर सगळी नक्षी उभी राहते. दहा वर्षांच्या मुलासाठी दहा नंबरच्या सुयांवर ११२ टाके घालावेत आणि दोन सुलट, दोन उलट अशी दोन इंच पट्टी विणावी. ही पट्टी ताणली जाते आणि पुन्हा आवळते, म्हणून टोपी कानांवर बसून राहते. मग आठ नंबरच्या सुया घ्याव्यात. कडेचा एक टाका, त्यानंतर दोन उलट, सहा सुलट, दोन उलट हा दहा टाक्यांचा गट अकरा वेळा, आणि शेवटी कडेचा एक. परतताना समोर जसे टाके दिसतील तसेच विणावेत. हे सहा सुलट टाके म्हणजे पिळाचे दोर आणि त्यांच्या दोन्ही बाजूंचे उलट टाके म्हणजे मधली पन्हळ.

दर आठ ओळींनी एकदा पिळाची ओळ येते. सहापैकी पहिले तीन टाके न विणताच तिसऱ्या एका लहान सुईवर काढून घ्यायचे आणि ती सुई कामाच्या पुढे लोंबती सोडायची. त्यांना ओलांडून पुढचे तीन टाके विणायचे. मग लोंबणाऱ्या सुईवरचे तीन. एवढेच. तीन टाके तिघांच्या पुढून गेले. सुई पुढे ठेवली तर पीळ डावीकडे झुकतो, मागे ठेवली तर उजवीकडे. या कामासाठी बाजारात वाकडी सुई मिळते. आमच्यातल्या निम्म्या जणी केसांचा आकडाच वापरतात आणि तोच बरा असे आमचेही मत आहे.

पहिल्यांदा पीळ घालणाऱ्याचा जीव मात्र टांगणीला लागतो. विणलेले टाके सुईवरून मोकळे सोडायचे म्हणजे हातातले काही सुटून चालल्यासारखे वाटते. वीण त्या जागी आवळते, एक बारीक भोक दिसू लागते, आणि काहीतरी बिघडले अशी खात्रीच पटते. तेथे थांबू नये. आणखी चार ओळी झाल्या की दोर एकमेकांवर चढलेले दिसतात, आणि विणणारी व्यक्ती सुई खाली ठेवून ते नुसते बोटाने चाचपत बसते. शिकायला आलेल्या प्रत्येक नव्या माणसाच्या बाबतीत आम्ही हे पाहिले आहे. वयाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

पीळ कापड आत ओढून घेतो, म्हणून टाके जास्त लागतात. ४ मिलिमीटरच्या सुयांवर साध्या विणीत १० सेंटिमीटरला सुमारे २२ टाके बसतात. त्या हिशेबाने ११२ टाक्यांची रुंदी ५१ सेंटिमीटर भरावी. प्रत्यक्षात ती ४४-४५ भरते आणि ५२ सेंटिमीटरच्या डोक्यावर ताणून नेमकी बसते. एकावर एक चढलेल्या दोरांमुळे टोपी जाड होते आणि तिला ऊबही जास्त येते. पट्टीच्या वर साडेपाच इंच झाले, म्हणजे पाच पीळ पडले, की शेंडा आवळायला घ्यावा. आधी पन्हळीतले दोन-दोन उलट टाके एकत्र विणायचे, म्हणजे ११२ चे ९० होतात. पुढच्या सुलट ओळीत दोरांचे सहा टाके तीनवर आणायचे, म्हणजे ५७. त्यानंतरच्या सुलट ओळीत दोन-दोनचा एक करत जायचे, २९ उरतात. धागा तोडून दाभणात ओवायचा, या २९ टाक्यांतून फिरवून ओढायचा आणि मागची शिवण घालायची. गोंड्याशिवायही टोपी पुरी होते, पण गोंडा नसलेली टोपी पाचवीतल्या मुलांनी आजवर पसंत केलेली नाही.

या पिळांविषयी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. आयर्लंडच्या पश्चिमेला अरन नावाची बेटे आहेत, तेथल्या कोळ्यांचे पिळाचे स्वेटर जगप्रसिद्ध आहेत. प्रत्येक घराण्याची नक्षी ठरलेली असे, म्हणजे समुद्रात बुडालेल्याचे प्रेत किनाऱ्याला लागले तर नक्षीवरून त्याची ओळख पटे, असे म्हणतात. कथा हृदयस्पर्शी आहे, पण ती खरी नाही. जॉन सिंग यांच्या १९०४ सालच्या ‘रायडर्स टू द सी’ या नाटकात बुडालेल्या भावाची ओळख बहिणीला पटते, ती तिने स्वतः विणलेल्या मोज्यातल्या टाक्यांच्या मोजणीवरून. घराण्याच्या नक्षीचा तेथे उल्लेख नाही. पिळांनी भरलेले ते स्वेटरही काही पुराणकाळचे नव्हेत, विसाव्या शतकाच्या आरंभी पुढे आलेले आहेत. त्या खडकाळ बेटांवरच्या बायांनी ते विणून विकले आणि संसाराला हातभार लावला. आम्हांला ही दुसरी हकीकत अधिक जवळची वाटते.

कारण आमच्या घरांत हाताचे काम म्हणजे पोटाचे काम. आमच्या आया-आज्यांच्या हातांनी दोर वळले, केरसुण्या बांधल्या, गवंड्याच्या हाताखाली घमेली उचलली, रस्त्यावरचा कागद-काच वेचला. त्या हातांना कुणी कधी छंद विचारला नाही. म्हणून आम्ही शिकून-सवरून, नोकरीला लागून, रविवारची दुपार सुया-लोकर घेऊन घालवू लागलो, तेव्हा घरच्यांना ते कोड्यासारखे वाटले. काहींना रागही आला. एका पालकांनी स्पष्टच विचारले, "पोरींना शिकायला पाठवलं ते पुन्हा हातकामाला बसवायला का?" चौदा एप्रिलला अठरा-अठरा तास अभ्यासाला बसणारी आमची पोरे; त्यांच्यापुढे बारा तास एका टोपीवर घालवणे म्हणजे काळाचा अपव्यय, असेही ऐकले. यावर आमचे म्हणणे एवढेच की ज्यांच्या अभ्यासाचा दाखला देता, त्या बाबासाहेबांनीच व्हायोलिन शिकण्यासाठी वेळ काढला होता, आणि त्यातून त्यांना काही मिळकत व्हायची नव्हती.

मिळकतीचा हिशेब आम्ही करून पाहिला आहे. एका टोपीला सुमारे ऐंशी ग्रॅम लोकर लागते, नव्वद रुपयांच्या आसपासची. बारा तासांचे काम. हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकाने लागतात. १९५९ नंतर निर्वासित होऊन आलेल्या या लोकांनी आरंभी हाताने विणलेले स्वेटरही विकले होते. आता त्यांचा बहुतेक माल लुधियानाच्या यंत्रांवरचा असतो. त्यांच्याकडे दिसायला अशीच पिळाची टोपी दोनशे रुपयांपर्यंत मिळते. म्हणजे त्या भावाने आमची टोपी विकली तर लोकरीचे पैसे वजा जाता एकशे दहा रुपये हाती येतील, तासाला नऊ रुपये. या दराने कुणी कुणाकडून काम करून घेतले तर आम्ही मोर्चा काढू. आणि तरीही तेच काम आम्ही हौसेने करतो. कितीला पडली या प्रश्नापाशी आम्ही अडखळतो ते येथे.

आमच्यातल्या एकीच्या आई तीस वर्षे संगमनेरला बिड्या वळत होत्या. आता त्या मुलीकडे पुण्यात असतात. पहिल्या दिवशी आम्ही सारे विणत बसलेलो पाहून त्यांनी थोडा वेळ हातांच्या हालचाली न्याहाळल्या आणि विचारले, "हजाराला काय देत्यात गं?" बिड्यांची मजुरी हजारावर मोजतात. हजारावर नाही, आई, कुणी काहीच देत नाही, असे सांगितल्यावर त्यांनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती आम्ही विसरणार नाही. पुढे दोन-तीन रविवार त्या नुसत्या बसून राहिल्या. मग एके दिवशी म्हणाल्या, "द्या बरं इकडं." त्रेसष्टाव्या वर्षी त्यांनी सुया हातात घेतल्या, आणि आठ दिवसांत त्यांची वीण आमच्यापेक्षा एकसारखी येऊ लागली. फर्म्याने तेंदूपान कापून, तंबाखू भरून, वळून, दोरा बांधून, टोक आत दाबणाऱ्या त्या बोटांना धाग्याचा ताण कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

त्यांनी टोपी घेतली. पाचवा भाग पुरा होत आला असता एका ओळीत पीळ उलटे वळले, अकराच्या अकरा, कारण त्या ओळीत आकडा पुढे ठेवण्याऐवजी मागे ठेवला गेला होता. त्यांनी ते स्वतःच ओळखले. हात थांबले. म्हणाल्या, "म्हणजे छाट झाली ही."

छाट हा शब्द बिडी कामगारांच्या घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. वळून दिलेल्या बिड्यांतल्या काही बिड्या ठेकेदार वाईट म्हणून बाजूला काढतो. त्यांची मजुरी मिळत नाही आणि त्या परतही मिळत नाहीत. पान गेले, तंबाखू गेला, दिवस गेला.

आम्ही त्यांना सांगितले की येथे छाट नसते. सुई काढा आणि धागा ओढा. त्यांना ते पटेना. मुलीने पुढे होऊन सुई काढली आणि धाग्याचे टोक त्यांच्या हाती दिले. त्या ओढत गेल्या, ओळी भराभर उकलत गेल्या, मुलगी गुंडा करत गेली. पीळ चुकला होता ती ओळ मागे पडली, तेव्हा थांबा म्हटले तरी त्या थांबल्या नाहीत. पट्टीसकट सगळी टोपी त्यांनी उसवली. मग तो कुरळ्या धाग्याचा गुंडा दोन्ही हातांत तोलून पाहत म्हणाल्या, "आख्खी परत आली की!" त्या दिवशी त्यांनी पुन्हा टाके घातले नाहीत. पुढच्या रविवारी घातले आणि पाच आठवड्यांनी टोपी पुरी केली. ती त्यांनी वसतिगृहाला दिली नाही, नातवालाही दिली नाही. स्वतःच्या पिशवीत ठेवली आहे. कुणी मागितली तर म्हणतात, दुसरी विणून देते.

गेल्या वर्षी आपल्या मेळाव्यात या टोप्या विक्रीला ठेवाव्यात, अशी सूचना आली. त्यामागचा हेतू चांगला होता. वसतिगृहाला चार पैसे मिळाले असते. आणखी एका हितचिंतकांनी सुचवले की मुलींसाठी विणकामाचा गृहोद्योगच काढावा. आमच्यात यावर पुष्कळ वाद झाला आणि तो मिटलेला नाही. बहुतेकांचे म्हणणे असे की विक्री आली की मागणी येते, मागणीबरोबर मुदत येते, आणि मग कुणीतरी टोप्या तपासून बाजूला काढायला बसते. परंतु आमच्यातलीच एक, जिचे घर तिच्या एकटीच्या शिवणकामावर चालते, तिने वेगळे मत मांडले. ती म्हणाली, "तुम्हाला पगार आहे, म्हणून तुम्हाला फुकट विणणं परवडतं. मला दोनशे रुपये कुणी देत असेल तर मी का घेऊ नये?" तिच्या बोलण्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. तूर्त असे ठरले आहे की पाचवीच्या मुलांच्या टोप्या विकायच्या नाहीत. ज्याला विकायची असेल त्याने आपली टोपी स्वतंत्र विणावी, आणि किंमत सांगताना बारा तासांची पुरी मजुरी धरूनच सांगावी. कमी भावात देऊ नये. तिने तशा तीन टोप्या विकल्या. इतके पैसे देणारी माणसे निघाली, याचे तिच्यापेक्षा आम्हांलाच जास्त नवल वाटले.

विणकाम म्हणजे एक प्रकारचे ध्यानच, असे अलीकडे बरेच जण आम्हांला कौतुकाने सांगतात. आम्हांला ते तितकेसे मान्य नाही. ध्यानाला बसलेल्या माणसाने रिक्षाभाड्याविषयी आणि नणंदेच्या लग्नाविषयी बोलू नये, आणि आम्ही तर विणताना दुसरे काही बोलतच नाही. फक्त पिळाची ओळ आली की खोली शांत होते, कारण मोजावे लागते. ती ओळ संपली की कुणीतरी चहाचे विचारते. दिवसभर बसच्या घंटेचा, पेशंटच्या रांगेचा किंवा वर्गातल्या साठ मुलांचा ताण घेतल्यावर, ज्याची कुणाला घाई नाही, ज्यावर शेरा मारायला कुणी साहेब नाही, असे एखादे काम हातात असावे, एवढाच आमचा त्यातला लोभ. त्यातून टोपी होते हे बरेच आहे.

यंदा पाचवीत चाळीस मुले-मुली आली. हे लिहीत असता एकतीस टोप्या झाल्या आहेत. निळ्या लोकरीचा जुना लॉट संपला आणि नवा किंचित गडद निघाला, त्यामुळे काही टोप्यांचा शेंडा पट्टीपेक्षा गडद दिसेल; ती नक्षीच आहे असे मुलांना सांगितले आहे. त्रेसष्ट वर्षांच्या आमच्या आई सध्या निम्मे पीळ डावीकडे आणि निम्मे उजवीकडे झुकणारी टोपी विणत आहेत. अकरा पिळांचे निम्मे कसे करायचे हे आम्ही विचारले तेव्हा त्यांनी बारा पीळ धरून १२२ टाके घातल्याचे सांगितले. वाढलेली रुंदी त्या बारीक सुयांनी भरून काढणार आहेत.

बैठका महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी दुपारी तीनला असतात. घर कोणाचे, ते वसतिगृहाच्या कार्यालयात विचारल्यास कळेल. येताना आठ आणि दहा नंबरच्या सुया आणाव्यात. लोकर आमच्याकडे आहे.